मास्तरांच्या हातची चव

"मासा साफ करतोयस की घड्याळ उघडतोयस?" मास्तरांनी विचारलं.

घड्याळजीनं मान वर केली नाही. नदीकाठच्या सपाट दगडावर मासा आडवा घालून तो त्याच्या पोटाला बारीक चीर देत होता. नुसते खवले काढायलाच त्यानं इतका वेळ घेतला होता, की तीन दगडांमधली लाकडं जळून निखारे व्हायला आली होती.

मास्तर शिंपी होते. खडूची रेघसुद्धा न मारता ते कापडावर कात्री चालवायचे. त्यात एखाद्याची बाही आखूड झालीच, तर त्या माणसाचे हात लांब आहेत असं ठणकावून सांगायचे. मासाही ते तसाच साफ करायचे. शेपटीकडून गळ्यापर्यंत सुरीचा एकच फटकारा, आत बोटं घालून एक हिसका, की झालं काम. मग नुसतं मीठ आणि निखारे. मसाला लावणाऱ्यांची त्यांना कीव यायची.

दर सुट्टीला ते इथेच आग पेटवायचे. मासा भाजायचे, बायकोला आणि मुलीला वाढायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. स्वतः खायचे नाहीत. भाजणाऱ्याचं पोट धुरानंच भरतं, असं म्हणायचे. दोघी 'छान झालाय' म्हणाल्या की त्यांना सगळं पावलं.

असल्या बापाच्या एकुलत्या एका मुलीनं घड्याळजी पसंत करावा, हेच मुळात मास्तरांच्या पचनी पडत नव्हतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि दिवसभर एका खुर्चीत मुक्काम. हा काय पुरुष झाला? पण सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. मुलगी हट्टाला त्यांच्यावरच गेली होती. म्हणून त्यांनी अट घातली. घड्याळजीनं निखाऱ्यावर मासा भाजून दाखवायचा, नुसत्या मिठात. हुबेहूब मास्तरांच्या हातची चव आली तर लग्न. नाही आली तर पुन्हा दारात उभं राहायचं नाही. मुलीनंही ते कबूल केलं होतं. चव आली नाही, तर ती हा विषय कायमचा सोडणार होती.

निवाडा बायकोनं करायचा, हेही मास्तरांनीच ठरवलं. त्यांचा मासा तिच्याइतका कुणी खाल्ला नव्हता. बायको "बरं" एवढंच म्हणाली. ती कधीच फार बोलत नसे, आणि मास्तरांना ते सोयीचं होतं.

घड्याळजीनं आतडी अलगद बाहेर काढली. त्यांना चिकटून वाटाण्याएवढी हिरवट पिशवी होती.

"ही पित्ताची," तो मुलीला म्हणाला. "ही फुटली तर सगळा मासा कडू होतो."

"इथं शाळा भरवू नकोस," मास्तर म्हणाले. "आमच्या घराला माशातलं शिकवणारा अजून जन्मायचाय."

घड्याळजीनं ओशाळून सगळं एका पानावर ठेवलं आणि तो हात धुवायला पाण्याकडे उतरला. मुलगी डबा घेऊन त्याच्यामागे गेली. खाली वाकून दोघं कशावर तरी हसली. मास्तरांना ते हसू चांगलंच झोंबलं.

हा गडी आपटणार याची त्यांना खात्री होती. पण नुसत्या खात्रीवर पोरीचं आयुष्य कोण सोडतं? बायको पाठमोरी चटई झटकत होती. मास्तरांनी सदऱ्याला टोचलेली सुई काढली, ती हिरवी पिशवी माशाच्या पोटात धरली आणि टोचली. आलेलं पाणी आतून नीट चोळलं आणि बोटं गवताला पुसली. लाज वगैरे काही वाटली नाही. असल्या माणसाशी सरळ वागायचं म्हणजे कोऱ्या कापडानं फरशी पुसायची.

घड्याळजी परत आला. त्यानं माशाला मीठ लावलं, निखारे पसरले, जाळीवर मासा ठेवला आणि तो उकिडवा बसून राहिला.

"उलट आता. झोप लागली का?"

"अजून थोडा वेळ, मास्तर."

"तुझ्या दुकानातली गिऱ्हाइकं म्हातारी होऊन घरी जात असतील."

घड्याळजी कसनुसा हसला. त्यानं काडीनं निखारे पुन्हा सारखे केले. मास्तरांनी तेही पाहिलं आणि नाक मुरडलं. मासा उलटायला मुहूर्त लागतो आणि निघालेत संसार करायला.

कातडी तांबूस झाली, चरबी निखाऱ्यांवर ठिबकून चर्र वाजायला लागली. चौघांच्या ताटल्यांत तुकडे पडले. आज भाजणारा दुसरा होता, म्हणून मास्तरांनीही आपली ताटली पुढे केली.

पहिल्याच घासाला घड्याळजीचा चेहरा उतरला. मास्तरांनी तुकडा तोंडात टाकला आणि त्यांची जीभ आक्रसून गेली. घशापर्यंत कडूजहर. त्यांनी घास बाजूला थुंकला. इतक्या आनंदानं ते आयुष्यात कधी थुंकले नव्हते.

"घ्या," ते म्हणाले. "कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही याला. आणि म्हणे माझी चव आणणार."

"मास्तर, पिशवी मी नीट काढली होती..."

"कारणं तुझ्या गिऱ्हाइकांना सांग. इथं अट ठरली होती, आणि ती तू ऐकली होतीस."

मुलगी हातातला काटा तसाच धरून एकदा बापाकडे, एकदा घड्याळजीकडे बघत होती. दोघांचं काय बिनसलं, ते तिला कळेना. तिची ताटली अर्धी रिकामी झाली होती.

मास्तर बायकोकडे वळले. "बोल. निवाडा तुझा. याची भीड धरू नकोस, चव जशी आहे तशी सांग."

बायकोनं तोंडातला घास सावकाश चावून गिळला. तिचं तोंड जरासुद्धा वाकडं झालं नव्हतं.

"आली की," ती म्हणाली. "हुबेहूब तुमच्या हातची."