राखून ठेवायचा डाव

फुटबॉल फायनलच्या टायब्रेकरमध्ये दोन्ही संघ बरोबरीत होते आणि समोरच्या पेठेच्या संघाची शेवटची पेनल्टी मारायला इंद्रजीत निघाला. गोल झाला की कप गेला.

"सायेब, त्यो तुमचाच चेला. गोलीला खूण करा," संघ चालवणाऱ्या तालमीचे अध्यक्ष दौलूमामा म्हणाले. हरलो तर डच प्रशिक्षक रूलॉफला नारळ, हे त्यांनीच सकाळी बजावलं होतं.

रूलॉफनं गोलीकडं बघून दोन्ही तळवे खाली दाबले : हलू नकोस. रॉटरडॅमच्या गल्लीपासून गुडघा निकामी होईपर्यंत तो स्वतः एकाच पद्धतीनं पेनल्टी मारत आला होता. धावताना क्षणभर थबकायचं आणि गोली झुकला की उलट्या बाजूला चेंडू सारायचा. कोल्हापुरात आल्यावर पहिल्याच वर्षी त्यानं ते इंद्रजीतला शिकवलं. दुसऱ्या वर्षी पोरगा पेठ बदलून गेला.

इंद्रजीत थबकला. गोली जागचा हलला नाही. मग इंद्रजीतनं शांतपणे चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला. पलीकडं गुलाल उधळला.

"गोली हललाच न्हाई तर काय करायचं, ते बी तुमीच शिकवलं हुतं?"

"हो, मामा."

"अवो, वस्तादानं एक डाव राखून ठिवायचा असतोय!"

"राखून काय करू?" रूलॉफनं गुडघ्यावर हात ठेवला. "मी आता खेळत नाही."

दौलूमामांनी त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी त्याला 'सायेब'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"उद्या सकाळी सहाला मैदानावर या," ते म्हणाले, "वस्ताद."