पूर्वाचं टपाली मत

मांजरी उपनगरातल्या सोसायटीच्या चेअरमनपदासाठी प्रेमलाताई आणि बद्रीनाथराव यांना सारखीच मतं पडली. उरलं होतं एकच मत, प्रेमलाताईंच्या मुलीचं. पूर्वा सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी अमेरिकेत होती, म्हणून तिने ते टपालाने पाठवलं होतं. पाकिटावरची सही तिची नाहीच, असं म्हणत बद्रीनाथराव थेट कोर्टात गेले.

"आईला लेकीची सही कळत नाही का?" प्रेमलाताईंनी साक्षीत ठणकावून सांगितलं. न्यायाधीशांनी मत ग्राह्य धरलं आणि पाकीट तिथल्या तिथे फोडायला लावलं. मत बद्रीनाथरावांना होतं.

प्रेमलाताई ताडकन उठल्या. "साहेब, आता नीट बघते तर ही सही काही पूर्वाची वाटत नाही."

"काहीतरीच काय, वहिनी!" बद्रीनाथराव कळवळून म्हणाले. "पोरगी आमच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली. तिचीच सही आहे!"

घरी येऊन चप्पलही न काढता प्रेमलाताईंनी अमेरिकेला फोन लावला. "सख्ख्या आईला पाडलंस?"

"मग काय करू?" पूर्वा म्हणाली. "एकदा चेअरमन झालीस की गच्चीची गळती आणि पार्किंगची भांडणं सोडून तू हलणार आहेस का? इथे माझ्या बाळंतपणाला कोण येणार?"

प्रेमलाताई मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं, मग आधी सांगायचंस ना," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा त्या बद्रीनाथलाच मत दिलं असतं!"