तळ्यावरचा कॅमेरा

बर्फ वितळल्यावर आम्ही दोघं वनरक्षक वरच्या तळ्यापर्यंत चढलो आणि प्राणी टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. ते वर्षातून एकदाच निघतं. त्यातल्या फोटोंत कुरणात चरणारी हरणं, एक कोल्हा, आणि मग माझे बाबा. थंडीच्या तोंडावर ते बेपत्ता झाले, तेव्हा आम्ही खालचं सगळं जंगल पालथं घातलं होतं. पहिल्या फोटोत ते सुजलेला पाय दाखवत होते. तिसऱ्या दिवशीही तिथंच. शेवटच्या फोटोत अंगावर बर्फ, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसू.

"रखडत का होईना, खाली यायचं ना! इथंच कशाला बसून राहिले?" सोबती म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात मीच बाबांसमोर फुशारकी मारली होती, "तळ्यावर गवताचं पातं हललं, तरी मला चौकीत बसल्या बसल्या दिसतं."