शिंपिणींची तालीम

रंगमंचावर नळ सुरू झाला आणि विंगेत आगीच्या पहाऱ्याला उभा असलेला बंबवाला पोट धरून हसायला लागला. पॅरिसच्या नाटकघरांत वर्षानुवर्षं ड्युटी केलेला माणूस तो. एरवी नुसत्या जांभया देतो.

प्रसंगच तसा होता. नवरा घर सोडून गेलाय हे लपवत एक बाई सासू-सासऱ्यांना जेवायला वाढतेय. “ते अंघोळ करतायत,” असं सांगून तिनं न्हाणीघराचा नळ सोडून ठेवलाय. सूप झालं, कोंबडी झाली, चीज आलं, तरी अंघोळ चालूच. सासरा म्हणतो, “अगं, माझा पोरगा आहे की मासा?” तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा माणूस डोक्यावर छत्री धरून वर येतो. आता बोला!

आज शिंपिणींची तालीम होती. पहिल्या प्रयोगाच्या दोन दिवस आधी शिवणाऱ्या बाया सुईदोरा घेऊन प्रेक्षागृहात बसतात आणि कुठे उसवतंय, कुठे लोंबतंय ते टिपून घेतात. पण ओक्ताव्ह ब्रेस्लांचं कपड्यांकडे लक्षच नव्हतं. नाटक त्यानंच लिहिलेलं, बसवलेलंही त्यानंच, आणि बघत होता तो त्यांतल्या सगळ्यांत जुन्या शिंपिणीच्या, पोलेतबाईंच्या, मानेकडे. तीस वर्षं तो त्यांच्या मागच्या खुर्चीत बसत आलाय. त्या हसल्या की वाक्य राहतं, नाही हसल्या की जातं. शेवटचे दोन सिनेमे त्यानं त्यांना न दाखवता काढले, आणि दोन्ही सपशेल आपटले. आता हे नाटकही पडलं, तर त्याला कोण दारात उभं करणार होतं?

बाकीच्या तिघी हसून हसून डोळे पुसत होत्या. पोलेतबाईंची मान हलली नाही.

हा प्रसंग ओक्ताव्हच्या डोक्यातून आलेलाच नव्हता. आठ वर्षांपूर्वी त्याच्या पँटची उंची घेताना, तोंडात टाचण्या धरून, पोलेतबाईंनीच तो सांगितला होता. स्वतःचा. नळासकट, छत्रीसकट. “कुणाला बोलू नका हं,” असंही म्हणाल्या होत्या.

अंक संपल्यावर तो त्यांच्या शेजारी येऊन बसला.

“बाई, काढून टाकू का? तुम्ही म्हणाल तर आत्ता काढतो.”

“मग राहील काय तुमच्या नाटकात?” त्या दातानं दोरा तोडत म्हणाल्या. “लोक हसतायत ना? हसू देत.”

“तुम्ही नाही हसलात.”

“मी कपडे बघत होते, साहेब. माझं कामच ते. तुम्ही काळा झगा सांगितलात, मी काळा शिवला. कुणासाठी शिवतेय ते आज कळलं. त्या दिवशी माझा झगा काळा नव्हता. हिरवा होता. सासूबाई येणार म्हणून मुद्दाम नवा शिवला होता.”

“हिरवा?” ओक्ताव्ह अर्धा उठलाच. “अहो, काहीतरीच काय बोलता! इथं हिरवा रुमाल खिशात असला तरी कुणी रंगमंचावर पाऊल टाकत नाही. नाटक पडतं! परवा पहिला प्रयोग आहे माझा.”

“मला सांगताय? चाळीस वर्षं शिवतेय इथं. एक हिरवा टाका घातला नाही.” त्यांनी सुई मनगटावरच्या छोट्या उशीत खोचली. “पण मला घ्यायचं तर जशी होते तशी घ्या. नाहीतर घेऊच नका.”

त्यानं विंगेकडे पाहिलं. तिकडे बंबवाला कुणाला तरी तो छत्रीवाला करून दाखवत होता, आणि तोही माणूस हसत होता.

“उद्या दुपारपर्यंत शिवून होईल?” ओक्ताव्हनं शेवटी विचारलं.

“शिवायचा कशाला? घरी कपाटात आहे. तुमच्या नटीच्या मापाचा करून देते.”