बर्फ वगळून वजन

"आता सहावी पेटी फोडा," बू विगाती म्हणाली.

कोळंबीच्या कारखान्याचा मालक पाक दार्सोनो याने कपाळावर हात मारला; तिकडे मानाने बाईला 'बू' आणि पुरुषाला 'पाक' म्हणतात. कारखान्याच्या शीतगृहात ही हिशेबतपासनीस बाई सकाळपासून ये-जा करत होती. बोटं निळी पडलेली, नाक लाल झालेलं, पण माघार घेईल तर शपथ! आणि पेट्याही पुढच्या रांगेतल्या नकोत, पार मागच्या भिंतीलगतच्या हव्यात.

पेटी बाहेर आणली. तिने बर्फ वितळू दिला, कोळंबी चाळणीत निथळली आणि काट्यावर ठेवली.

"पेटी दोन किलोची, कोळंबी एक किलो तीनशे. बाकी पाणी."

"थोडा बर्फ सगळेच लावतात, बू. नाहीतर माल सुकतो."

"थोडा लावतात. सातशे ग्रॅम नाही. आणि तुम्ही हिशेबात त्या बर्फालाही कोळंबीचा भाव लावलाय."

बाई खरं बोलत होती, हीच तर पंचाईत होती.

बान्युवांगी शहरातला हा कारखाना दार्सोनोने वीस वर्षं खपून उभा केला होता. यंदा पांढऱ्या डागांचा रोग आला आणि किनाऱ्यावरच्या तळ्यांतली कोळंबी आठवड्याभरात मेली. बँकेने कर्ज दिलं तरच नवी पिल्लं सोडता येणार होती. नाही दिलं, तर कारखान्याला टाळं आणि सोलणाऱ्या दोनशे बायका घरी. बँकेला तपासनिसाच्या सहीचा ताळेबंद हवा होता. दार्सोनोच्या ताळेबंदात तीन अब्ज रुपियांचा नफा होता. विगातीच्या मोजणीने दोन अब्जांचा तोटा निघत होता.

ऑफिसात तिच्यासाठी कॉफी आणि गरम तळलेली केळी ठेवली होती. तिने नेहमीसारखा स्वतःचा डबा उघडला. तपासणी चालू असताना ती इथलं पाणीसुद्धा पीत नसे.

"तुमच्या हाताखाली माणसं तीन," दार्सोनो म्हणाला. "त्यांचा निम्मा पगार माझ्या फीमधून निघतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, नाही का?"

"निघतो की. लेकीचं कॉलेजही त्यातच चाललंय," ती भात कालवत म्हणाली. "म्हणून तर इथे सहा पेट्या फोडल्या. दुसरीकडे दोन फोडते."

"वा! हा कुठला न्याय?"

"माझं मन सैल पडायची भीती तुमच्याकडेच जास्त आहे, पाक."

"पुढच्या वर्षी मी तुम्हाला बोलावणार नाही."

"ते मी घरी सांगूनच आलेय."

तिने डबा संपवला, तोट्याचा अहवाल सही करून त्याच्या हातात दिला आणि स्कूटरला किक मारून निघून गेली.

सुराबाया शहरात दुसरा एक तपासनीस होता. दोन दिवसांत सही, आणि फी कर्ज मंजूर झाल्यावर, कर्जाच्या टक्केवारीने. दार्सोनोने त्याला फोन लावला.

"नफा किती दाखवायचाय?" पलीकडून पहिलाच प्रश्न आला. माल कुठे आहे, बघू का, एका शब्दाने विचारणं नाही.

दार्सोनोला ती निळी बोटं आठवली आणि स्वतःची भारी लाज वाटली. त्याने फोन ठेवून दिला.

"हट्टी आहे, खडूस आहे, माझ्या मुळावर उठलीय," तो बायकोला म्हणाला. "पण काय बाई आहे गं!"

"मग आता?"

"आता काय! बुडायचंच तर खऱ्या आकड्याने बुडू."

सोमवारी बँकेचे शाखाप्रमुख पाक लुकितो यांनी अहवाल वाचला. शेवटच्या पानावरून परत पहिल्या पानावर आले.

"दोन अब्जांचा तोटा? आणि हा कागद तुम्ही स्वतःच्या हाताने मला देताय?"

"मोजणारी बाई ऐकेना, त्याला मी काय करू?" दार्सोनो उठला. "येतो मी. सोलणाऱ्या बायकांना आजच सांगायला हवं."

"अहो, बसा हो!" लुकितोंनी कपाटातून सहा फायली काढून टेबलावर टाकल्या. "या किनाऱ्यावरच्या आणखी सहा कारखान्यांनी कर्ज मागितलंय. तळी सगळ्यांची मेली, तरी नफा सगळ्यांना झाला. असल्या खोट्या आकड्यांवर मी हप्ता तरी कसा बसवू? खरा तोटा कळला, तर फेडता येईल असा हप्ता ठरवता येतो." त्यांनी दार्सोनोचा अर्ज पुढ्यात ओढला आणि त्यावर शिक्का मारला. "यंदा कर्ज एकट्या तुम्हालाच मंजूर."