गीझिनबाईंची माफी

एमिल ब्रोडबेक यांनी तरुणपणी प्रयोगशाळेत तयार केलेल्या औषधाचा एक थेंब घेतला, की माणसाला भिंती श्वास घेताना दिसत. त्यांचे आभार मानायला जगभरातून लोक स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळच्या त्यांच्या डोंगरातल्या घरी यायचे आणि फोटो काढून जायचे. गीझिनबाई मात्र दरवर्षी चेरीच्या हंगामात त्यांच्याशी भांडायला यायच्या. बाईंचा तरणाताठा मुलगा बेआट ते औषध घेऊन चौथ्या मजल्यावरून उडायला गेला होता.

ब्रोडबेक नव्वदी ओलांडून गेले. बायको गेली, मित्र गेले, आभार मानणारेही हळूहळू यायचे थांबले. त्या वर्षी चेरी पिकून गळून गेल्या, तरी बाई फिरकल्या नाहीत. शेवटी काठी टेकत, पिवळी बस पकडून म्हातारा स्वतःच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अजून आहात होय!" दार उघडत बाई म्हणाल्या.

"यंदा आला नाहीत. म्हटलं, आजारीबिजारी आहात की काय."

"मला काय धाड भरलीय! दमले मी भांडून. माफ केलं तुम्हाला, डॉक्टर. सुटलात."

ब्रोडबेक हलले नाहीत. "असं करू नका हो, गीझिनबाई," ते अडखळत म्हणाले. "तुमच्याशिवाय माझ्याकडे आता कुणीच येत नाही."

बाई दारातून बाजूला झाल्या.

"या आत. बेआटचं नाव काढलं, तर ऐकून घेणारं मलाही दुसरं कुणी उरलेलं नाही."