पूर्वेकडची मंडई

नव्या मंडईत बेचाळीस ओटे, नळाचे पाणी आणि पक्के छप्पर होते. समोरून रोज सहा हजार माणसे जात होती. मेथीची एक जुडीही विकली जात नव्हती.

एकेचाळीस विक्रेते ओटे सोडून रस्त्यापलीकडच्या पदपथावर परतले होते. "उद्या अहवाल द्या, त्यांचे परवाने रद्द करू," उपायुक्तांनी मला बजावले. मंडईची जागा ठरवण्यापूर्वी तिथली माणसे मीच मोजली होती. आकडे चार वेळा तपासले. ते बरोबर निघाले आणि माझी अस्वस्थता वाढली.

संध्याकाळी सहाला मी मंडईत गेले. एकट्या उरलेल्या गिरजाबाई कोमेजत्या भाजीवर पाणी शिंपडत होत्या.

"मावशी, एवढी माणसं जातात, मग घेत का नाहीत?"

"सकाळी जातात, बाई. कामावर जाताना मेथी कोण घेतंय? साहेबाला निवडायला द्यायची का?"

त्यांनी पलीकडे बोट दाखवले. दुभाजकाच्या त्या बाजूला बस थांबली होती. उतरलेल्या बायका चार पावलांवरच्या टोपल्यांपाशी वाकत होत्या.

"घरी येताना समद्या तिकडं उतरतात. उद्यापासून मी बी तिकडंच. परवाना काय फोडणीला घालू?"

रिकाम्या ओट्यावर कागद ठेवून मी अहवाल लिहिला: 'विक्रेत्यांचा दोष नाही. परवाने रद्द करू नयेत. जागा चुकली, कारण माणसांची मोजणी फक्त सकाळी झाली. ती मी केली होती.'